बातमीमागचा माणूस

आज कोडिंग नाही. आज एका बातमीदाराची गोष्ट आणि शेवटी माझी एक चूक.

सिडनी शॅनबर्ग १९५९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लागले. दहा वर्षांनी ते दिल्ली ब्युरोचे प्रमुख झाले. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने ढाक्यातून परदेशी पत्रकारांना हाकललं, त्यात तेही होते. पण त्यांचं नाव झालं ते कंबोडियामुळे, आणि तिथे त्यांच्यासोबत होते डिथ प्रान. दुभाषी, वाटाड्या, सगळंच.

ऑगस्ट १९७३ मध्ये अमेरिकेच्या बी-५२ विमानाने चुकून नेआक लुआंग या मित्रपक्षाच्याच गावावर बॉम्ब टाकले. १३७ माणसं गेली. दूतावास म्हणत होता, फार काही झालेलं नाही. हे दोघं नदीतून होडीने तिथे पोचले, लोकांशी बोलले आणि खरी बातमी आणली. लोकांना बोलतं केलं प्राननी, छापून नाव आलं शॅनबर्गचं.

शॅनबर्गही चुकले बरं का. अमेरिकन गेले की बहुतेकांचं बरंच होईल, असा त्यांचा लेख १३ एप्रिल १९७५ ला आला. चारच दिवसांनी ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतलं आणि अख्खं शहर रिकामं करायला लावलं.

त्याच दिवशी शॅनबर्ग आणि इतर काही पत्रकार पकडले गेले. प्रानना सैनिक सोडून देत होते. पण ते हट्टाने त्याच गाडीत चढले, विनवण्या करत राहिले आणि सगळ्यांचा जीव वाचवला. पुढे सगळे फ्रेंच दूतावासात. तिथून कंबोडियन लोकांना बाहेर काढलं गेलं. प्रानसाठी बनावट पासपोर्टचा खटाटोप केला, तोही फसला. प्रान गेले. शॅनबर्ग ट्रकने थायलंडला सुखरूप पोचले.

१९७६ चं पुलित्झर शॅनबर्गनी प्रानच्याही वतीने घेतलं. प्रान तेव्हा उपाशीपोटी शेतात राबत होते. ते निसटले ऑक्टोबर १९७९ मध्ये. जानेवारी १९८० मध्ये शॅनबर्गनी त्यांच्यावर मोठा लेख लिहिला, स्वतःच्या अपराधी भावनेसकट. त्यावरून 'द किलिंग फील्ड्स' सिनेमा आला. प्रान पुढे त्याच पेपरात फोटोग्राफर झाले. आणि शॅनबर्ग? उतारवयात न्यू पाल्ट्झच्या सरकारी विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला लागले. मला वाटतं, हा लेख हाच त्यांचा सगळ्यात मोठा क्लास.

आता माझी चूक. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता आमची सिस्टिम बसली. कॉन्ट्रॅक्टवरच्या एका टेस्टरने लॉग चाळून कारण शोधलं. मी फक्त दोन ओळी बदलल्या. रिपोर्टवर नाव माझं, अप्रेझलमध्ये कौतुकही माझं. मी गप्प बसलो. काही महिन्यांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं का, यावर मीटिंग झाली. मॅनेजरने विचारलं, "कोण हा? काय केलंय याने?" तेव्हा मी बोललो. पण उशीर झाला होता, लिस्ट आधीच गेली होती.

त्या रिपोर्टमध्ये मी आता त्याचं नाव घातलंय, आणि त्याला फोन करून सॉरीही म्हटलं. तो म्हणाला, "अरे, तेव्हाच लिहिलं असतंस तर..." पुढे काही बोलला नाही.

तुमच्या कामामागे असं कोण आहे? त्याचं नाव आजच लिहा. भेटू पुढच्या भागात!