चैत्रातला बालाघाट
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बीडचा माणूस परगावी गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पाऊस झाला का, आणि ऊसतोडीला गावं गेली का? तुमच्याकडं डोंगरात फिरायला कुठं जावं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

आमचा जिल्हा दोन पायऱ्यांचा आहे. गोदावरीकाठचे गेवराई, माजलगाव खालच्या पायरीवर आणि पाटोदा, केज, अंबाजोगाई वरच्या पायरीवर. या दोन पायऱ्यांच्या मधे बालाघाटाची कड. उंची फार नाही, सहाशे ते आठशे मीटर. पण मांजरा नदी इथंच, पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं.

लोक कपिलधारला आणि सौताड्याला पावसाळ्यात जातात, धबधबा बघायला. ते बरोबरच आहे. पण डोंगर बघायचा असेल तर फाल्गुन-चैत्रात जावं. पानं झडलेली असतात, त्यामुळं डोंगराचा सांगाडा दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या काळ्या दगडावर पळस पेटलेला असतो, पांगारा लाल झालेला असतो. हिरव्या गर्दीत कधी न दिसणारा मोर सुकल्या ओढ्यातून पिसारा ओढत जाताना सहज नजरेला पडतो.

मात्र या दिवसांत वाट फसवी असते. कोरडी दिसते, म्हणून सोपी वाटते. माझे अब्बा बांगड्यांची पेटी घेऊन घाटावरची गावं पायी फिरायचे. काचेचा माल, एकदा पाय घसरला की हप्त्याची कमाई गेली. ते सांगायचे, चढताना डोंगर बघ, उतरताना पाय बघ. उतारावरचा सुटा मुरूम पायाखाली ज्वारीच्या दाण्यासारखा घरंगळतो. तिथं अब्बा पाऊल आडवं टाकायचे, छोटं टाकायचे. वाळल्या पाचोळ्याखाली दगड आहे की खड्डा, हे काठीनं चाचपून बघायचे. वाळल्या गवताची कुसळं मोज्यात शिरली की मैलभरात माणूस रडकुंडीला येतो, म्हणून पायात घट्ट विणीचं काहीतरी हवं.

जंगलात मधेच एखादा साफ केलेला रुंद पट्टा दिसतो. ती वाट नव्हे. वणवा पसरू नये म्हणून वन विभागानं काढलेली ती जाळरेषा असते. तिच्या नादानं गेलात तर भलतीकडं पोचाल. आणि विडी-काडीचं तर नावच नको. या दिवसांत एका ठिणगीला अख्खी टेकडी पुरत नाही. अभयारण्यात जायचं असेल तर परवानगी आणि वेळा वन विभागाकडं आधी विचाराव्यात. अंधारात एकट्यानं जाऊ नये. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

मार्च सरता सरता पारा चाळिशीकडं सरकतो, पण पहाट गारच असते. तेव्हा उजाडताना निघावं आणि अकराच्या आत खाली यावं. माणशी तीन लिटर पाणी सोबत न्यावं. ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर आपला हक्क नाही, ते जनावरांचं आहे. तिथं हात-पाय धुऊ नयेत, जवळ बसकणही मारू नये. आपण उठेपर्यंत हरिण लांब तहानलेलं उभं राहतं.

आता अकराच्या आत का, ते सांगतो. २०१४ सालचा मार्च. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून महाराष्ट्रात गारपिटीनं कहर केला होता. तरी एक सकाळ स्वच्छ दिसली म्हणून मी आणि माझे एक शिक्षक मित्र पाटोद्याकडच्या डोंगरात गेलो. पळस बघून मला कविता सुचायला लागली. खिशात वही होती. अकरा वाजले, बारा वाजले, मी बसूनच. दोनच्या सुमाराला वारा अचानक पडला. मग उलट्या दिशेनं सुटला, थंडगार. डोंगरामागून आभाळ काळंनिळं होऊन वर चढलं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर धावते, तिला बाष्प मिळालं की दुपारनंतर असे ढग उभे राहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण डोळ्यांसमोर पळस होता.

आम्ही एका मोठ्या लिंबाखाली धावलो. तेवढ्यात खालच्या घळीतून आवाज आला, "ओ गुरुजी, झाडाखालून भायेर या आधी!" एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसले होते. कर्ती मुलं ऊसतोडीला, मागं म्हातारी माणसं आणि शेळ्या. त्यांनी आम्हाला खोलगट जागेत उकिडवं बसवलं, तिघांच्या डोक्यावर एक घोंगडी धरली. गारा लिंबाएवढ्या. मित्राचा कान फुटला. पाव तासानं थांबलं तेव्हा सगळा पळस जमिनीवर होता आणि माझ्या वहीतली शाई वाहून गेली होती.

खाली उतरताना एका शेतात मावशी उभ्या होत्या. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली होती. आमचे ओले कपडे बघून त्या म्हणाल्या, "तुमची एक दुपार भिजली, भाऊ. आमचं वरीस भिजलं."

ती कविता मी पुन्हा लिहायला बसलो नाही.

आता हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. निघण्याआधी दोन्ही बघावीत. डोंगरात फोनला रेंज नसेल तर आकडे मोजावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे अंतर साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कड्यावरून, एकट्या झाडाखालून, पाण्यापासून दूर व्हावं. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबावं. घर-गाडी नसेल तर पाय जुळवून, उकिडवं बसावं, जमिनीवर आडवं होऊ नये आणि एकमेकांपासून लांब राहावं. बाबांनी घोंगडीखाली तिघांना जवळ घेतलं ते गारांसाठी. विजेचा धोका त्यांनी आमच्यासाठी स्वतःवर घेतला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी अजूनही दर चैत्रात जातो. ॲप बघतो, पण डोंगर चढण्याआधी गावातल्या शेवटच्या घरासमोर थांबतो आणि विचारतो, "आज आभाळ कसं वाटतं?" घरातलं कुणीतरी बाहेर येऊन कपाळावर हात धरून वर बघतं. त्यांच्या खळ्यात अजून ज्वारी पडलेली असते. त्यांनी नको म्हटलं, तर मी माघारी वळतो.