लाल रेघ



मी डॉक्टर नव्हे, इंजिनियरही नव्हे. साखर कारखान्यात बॉयलरवर राबलेला आणि पुढे कामगार संघटनेत रमलेला माणूस. बॉयलरच्या दाबमापकावर एक लाल रेघ असते. काटा तिच्या अलीकडे की पलीकडे, हे रात्रपाळीत डोळे जड झालेल्या माणसालाही एका नजरेत कळते.

काही वर्षांपूर्वी एका इस्पितळातील परिचारिकेला मेमो मिळाला : 'यंत्र वाजले, आपण गेला नाहीत.' तिची बाजू मांडायची म्हणून मी त्या अतिदक्षता विभागात जाऊन उभा राहिलो. घंटा सारख्या वाजत होत्या. कुठे बोटाची चिमटी निसटलेली, कुठे रोग्याने कूस बदललेली. खऱ्या संकटाची घंटाही तशीच! रक्तदाब एका पडद्यावर, लघवीचे माप दुसऱ्या पानावर, रक्ताची तपासणी तिसऱ्या.

हे एकट्या त्या इस्पितळाचे दुखणे नव्हे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेली मोजदाद पाहा. खाटा 77, दिवस 31, आणि इशारे 25 लाखांहून अधिक! त्यांपैकी कानी पडणारे, दर खाटेमागे दिवसाला 187. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे जे इशारे तपासले, त्यांतले 88.8 टक्के खोटे. मग कान बधिर झाले, तर दोष कानांचा का?

मग उपाय काय? वरचा रक्तदाब 110, हा आकडा एकटा पाहिला तर निर्धोक. परंतु सकाळी 150, दुपारी 130, आता 110 आणि लघवीही घटत चाललेली, असे शेजारी शेजारी दिसले की तोच आकडा हाक मारू लागतो. आकड्याबरोबर त्याची चाल दाखवावी. हृदय, श्वास, मूत्रपिंड यांची माहिती एकेका जागी आणावी. आणि धावत जावे लागेल तिथेच घंटा मोठ्याने वाजवावी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, निर्णयाला कोणती माहिती लागते हे डॉक्टरांकडून आधी समजून घेऊन पडदा बेतला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या पडद्यावर डॉक्टरांच्या चुका कमी झाल्या.

त्या भगिनीचा मेमो मागे घेतला गेला; घंटा मात्र तशाच राहिल्या. म्हणून माझे मागणे एकच आहे. यंत्र विकत घेणाऱ्या समितीत रात्रपाळीच्या परिचारिकेला खुर्ची द्या. लाल रेघ कुठे ओढायची, हे तिला ठाऊक आहे.