रताळे केवळ उपासापुरते नको



भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत नाकाडोंगरी हे गाव आहे. इकडे धानाच्या बांध्या, तिकडे डोंगरी बुजरुकची मँगनीजची खाण. माणूस शेतात राबणारा असो की खाणीवर जाणारा, ताटात भात यायचाच. भाताने पोट भरते, अंगात बळ येते, याविषयी वाद नाही. पण पांढऱ्या भातात अ जीवनसत्त्व नसते, आणि ही उणीव घरातल्या लहान पोरांना सर्वांत आधी भोवते.

दिवेलागणीला पोर चाचपडत चालू लागले, उंबऱ्याला ठेचकाळू लागले, की आपण म्हणतो, "वेंधळेच आहे!" ते वेंधळे नसेल, त्याला रातांधळेपणा आला असेल. पुढे डोळे कोरडे पडतात, बुबुळाशेजारी फेसासारखे डाग दिसतात. तिथेही दुर्लक्ष झाले तर बुबुळ विरघळते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून अशी शंका येताच मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे, घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना आपल्या देशात १९७० साली सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ते मिळतात. ते चुकवू नका. पण डोसाबरोबर रोजचे ताटही सुधारायला हवे, आणि तिथे रताळे आपल्या कामाला येते.

तुम्ही म्हणाल, रताळे तर आम्ही खातोच की! खातो, पण केव्हा? आषाढीला आणि महाशिवरात्रीला. गंमत अशी, की ज्याला आपण इतके सोवळे मानतो ते रताळे मूळचे अमेरिका खंडातले. उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, हे सारे तिकडचेच पाहुणे! पाहुण्याला घरात घेतले ते बरे झाले. पण वर्षातून दोन-चार दिवसच जेवायला बसवायचे, हे काही बरे नाही.

मात्र रताळ्या-रताळ्यांत फरक आहे. साल लाल म्हणून आत गुण असेलच असे नाही, गर पाहावा. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते तो पिवळा पदार्थ, म्हणजे कॅरोटीन, फार थोडा असतो. गर गाजरासारखा केशरी असेल तर तो भरपूर असतो. केरळात तिरुवनंतपुरम येथे केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था आहे. तिची 'भू सोना' ही जात अशीच केशरी गराची आहे. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. शिजवताना थोडे कमी झाले तरी लहान मुलाची दिवसाची गरज ५० ग्रॅममध्ये, म्हणजे चार-सहा फोडींत, भागते. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत केशरी रताळी घरोघर पोहोचवण्याचे काम झाले, आणि ते करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पांढरे रताळेही टाकाऊ नव्हे. त्यात चोथा असतो, म्हणून पोट साफ राहते. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही मिळते. पण प्रथिने कमी. दोन्ही वेळा नुसती रताळी खाऊन भागणार नाही, वरण-उसळ हवीच. आणि कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते; तेव्हा फोडींवर चमचाभर तेल, तूप किंवा मूठभर दाण्याचे कूट घाला. आपल्या आयाबाया रताळ्याच्या किसात दाण्याचे कूट घालतात, ते शास्त्राला धरूनच आहे.

मधुमेह असलेल्यांनी बेताने खावे. भाजलेल्यापेक्षा उकडलेले बरे, आणि तेही भाताच्या जोडीला नव्हे तर भाताच्या ऐवजी. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. रताळे वातूळ आहे अशी तक्रार असते, ती खोटी नाही. एकदम पोटभर न खाता थोडे खावे, नीट शिजवून खावे.

आता लावणीविषयी. धुऱ्यावर आपण तूर टोबतो, तसे रताळे लावू नका. कंद काढताना धुरा खणला जाईल आणि बांधीतले पाणी फुटेल. बांधीतही नको, साचलेल्या पाण्याने कंद सडतो. परसात, सांडपाण्याच्या कडेला पण निचऱ्याच्या जागी, दोन वरंबे पुरेत. वेलाच्या शेंड्याकडचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे लावावेत. साडेतीन-चार महिन्यांत कंद तयार होतात. कोवळ्या पानांची भाजी होते, उरलेला वेल गुरे आवडीने खातात. शाळेच्या आवारात कुंपणाकडेला असे दोन वरंबे असले, तर पोरे धड्यातले अ जीवनसत्त्व हाताने खणून काढतील!

या पिकाचा मोठा वैरी म्हणजे सोंड्या भुंगा. जमीन भेगाळली की तो भेगेतून कंदापर्यंत पोहोचतो. म्हणून वेलाच्या बुडाशी मातीची भर घालत राहावी, बेणे निरोगी वेलाचे घ्यावे, आणि त्याच जागी लागोपाठ रताळे लावू नये. भुंग्याने पोखरलेले किंवा काळे पडून बुरसलेले रताळे कडू लागते, ते खाऊ नये. त्यातले विष शिजवूनही जात नाही. आपण खात नाही म्हणून ते गोठ्यात टाकले जाते. पण अशा सडक्या रताळ्यांनी गुरांची फुप्फुसे बिघडून जनावरे दगावतात. ती खोल खड्ड्यात पुरावीत, उकिरड्यावरसुद्धा टाकू नयेत.