बटणांवरच्या खुणा
(नागपूरच्या मनीषनगरात प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही बाराखडी शिकलात. जोडाक्षरे वाचू लागलात. पण मोबाइल हाती घेतला की अडता. अक्षरांच्या शेजारी @, &, # अशा खुणा दिसतात. मग मोबाइल दुसऱ्याच्या हाती देता. तो म्हणतो, "काका, पिन सांगा." तुम्ही सांगून मोकळे! हे बरं नव्हे. म्हणून आज या खुणांची ओळख करून घेऊ.

पहिली खूण @. हिचं नाव अ‍ॅट. विलायतेतले व्यापारी हिशेबात ही लिहीत. '१० पोती @ ५' म्हणजे दर पोत्यास ५ प्रमाणे १० पोती. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये काय लिहावे? कुणाच्या नावात येत नाही अशी खूण हवी. त्यांनी @ निवडली. आज मोबाइलवरून पैसे पाठवतानाही ती दिसते. तिच्या अलीकडे माणसाची ओळख, पलीकडे पैसे पोचवणाऱ्या सेवेची.

दुसरी खूण &. जुन्या लॅटिन भाषेत 'एत' म्हणजे 'आणि'. त्याची दोन अक्षरे भरभर लिहिताना एकमेकांत मिसळली. त्यांचीच ही खूण झाली. दुकानाच्या पाटीवर ही दिसली तर 'आणि' वाचा. फोनवर 'हॅश दाबा' असे सांगतात, ती खूण #. 'स्टार' म्हणतात, ती *. स्टार म्हणजे तारा.

आता आपली खूण, ₹. नीट पाहा. यात आपला 'र' दिसतो ना? त्यातच इंग्रजी 'आर'ही आहे. ही खूण उदयकुमार यांनी काढली. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने ती स्वीकारली.

खुणा शिकणे मराठीला नवे नाही. पूर्वी मोडीत मजकूर सलग लिहीत. कुठे थांबावे ते कळत नसे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज गृहस्थांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली. स्वल्पविराम, पूर्णविराम आज आपलेच झाले आहेत.

पण हिशेबात त्यांना जपा बरं का! ₹१,५०० म्हणजे दीड हजार. इथे स्वल्पविराम फक्त वाचायला सोपे जावे म्हणून. ₹१५.०० म्हणजे पंधरा रुपये. इथे टिंबानंतर पैसे असतात. टिंब सुटले की पंधराचे पंधराशे झाले! मेहनतीचा पैसा एका टिंबाने जातो.

म्हणून पैसे देताना आधी नाव वाचा. मग ₹ पुढचा आकडा वाचा. टिंब पाहा. मगच पिन दाबा, आणि तो स्वतः दाबा. आणखी एक ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर समजा, तो फसवतो आहे.

आज घरी गेलात की या खुणा मोबाइलवर शोधा. नाव घेऊन बोट ठेवा. ओळख झाली की भीती जाते.