कला, श्रम आणि फुरसत



पुरोगामी चळवळीच्या सभेत कलेची एक जागा ठरून गेलेली असते. वक्ते यायला उशीर होतो, माणसे चुळबुळ करू लागतात, मग शाहिराला किंवा कलापथकाला व्यासपीठावर बोलावले जाते. पाहुणे आले की डफ थांबतो आणि ‘मुख्य’ कार्यक्रम सुरू होतो. वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारखी माणसे ज्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वावरली, त्याची परंपरा सांगणाऱ्या चळवळीलाही कला ही गर्दी थोपवून धरण्याची सोय वाटावी, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे. कला म्हणजे काय, तिचे प्रकार कोणते, ती कोण निर्माण करतो आणि कोणासाठी, हे प्रश्न त्यामुळेच साहित्य संमेलनावर सोपवून मोकळे होण्याजोगे नाहीत. भोर आणि वेल्हे (शासनदरबारी आता राजगड) या दोन डोंगरी तालुक्यांतील एका कलेचे उदाहरण समोर ठेवून त्यांचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल.

मराठीत या विषयाची चर्चा झाली ती बहुतांशी ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाच्या रूपाने. एका बाजूला ना. सी. फडके आणि दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर, असा हा वाद एका पिढीने चवीने वाचला. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. कला निर्माण करणारा एक लेखक असतो, त्याच्यापाशी लिहायला वेळ असतो, आणि जीवन हे त्याच्या खिडकीबाहेर कोठे तरी चाललेले असते. त्या जीवनाकडे पाहावे की पाहू नये, एवढाच काय तो मतभेद. ज्यांचे जीवन हेच श्रम आहेत, ती माणसे स्वतः कलावंत असू शकतात, ही शक्यता त्या वादात फारशी कोणी विचारात घेतली नाही.

ती विचारात घेतली होती टॉलस्टॉयने. १८९७-९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा आरंभच एका संगीतिकेच्या तालमीने होतो. रंगमंचामागे राबणारे कामगार, पुनःपुन्हा तेच गावे लागणारे थकलेले गायक, त्यांच्यावर ओरडणारा संचालक असे सारे दृश्य उभे करून टॉलस्टॉय विचारतो की एवढ्या माणसांचे श्रम आणि अपमान ज्या कलेसाठी खर्ची पडतात, ती कला नेमकी कोणाच्या उपयोगाची आहे? पुढे त्याच ग्रंथात तो आपल्या अंगणातला एक प्रसंग सांगतो. लग्न झालेली मुलगी घरी आली तेव्हा खेड्यातील शेतकरी स्त्रियांनी विळ्यांवर ताल धरून, मोठमोठ्याने गाऊन तिचे स्वागत केले. खिन्न मनाने घरी परतत असलेला टॉलस्टॉय त्या गाण्याने उल्हसित झाला. त्याच संध्याकाळी एका निष्णात वादकाने त्याला बेथोव्हेनची रचना ऐकवली, आणि ती त्याला स्पर्श करू शकली नाही. त्याचा निष्कर्ष असा की एका माणसाने अनुभवलेली भावना दुसऱ्याला लागण झाल्यासारखी जेथे भिडते तेथे कला असते. बेथोव्हेनच्या बाबतीत टॉलस्टॉय चुकला असे म्हणता येईल. विळ्यांच्या तालाबाबत तो चुकला नव्हता.

हा ग्रंथ साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला. आणि त्याच गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. ही दोन कामे सहसा वेगवेगळी उल्लेखिली जातात. वस्तुतः ती एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. एका पुस्तकात प्रश्न आहे आणि दुसऱ्यात त्याचे मराठी उत्तर आहे.

भोरला येणारा पाहुणा पंत सचिवांचा राजवाडा पाहतो. तेथील लाकडी खांब, चौक, महिरपी अनेक चित्रपटांतून लोकांनी पाहिलेल्या आहेत. वेल्ह्याला येणारा तोरणा आणि राजगड चढतो. ही वास्तुकला थोर आहे यात शंका नाही, आणि ती घडवणारे पाथरवट, सुतार, गवंडी अनामिक राहिले हेही खरे. परंतु या दोन तालुक्यांत शतकानुशतके सर्वाधिक माणसांनी, सर्वाधिक सातत्याने केलेली कला पाहुण्याला कधीच दिसत नव्हती. ती पहाटेच्या अंधारात, घराच्या आतल्या बाजूला चाललेली असे. डोंगरउतारावरची नाचणी, वरई, खोऱ्यातला तांदूळ यांचे पीठ घरच्या जात्यावर निघे. दोघी समोरासमोर बसत, खुंट्याला एक-एक हात लावीत, मोकळ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालीत, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी सुरू होई. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने उचलावी. जात्याचा वेग हीच त्या गाण्याची लय आणि श्वासाची लांबी हाच त्याचा छंद.

हा प्रकार किती जुना आहे? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० मधील. म्हणजे मराठीतील सर्वश्रेष्ठ ग्रंथ ज्या छंदाचे नाव घेऊन उभा आहे, तो छंद ज्ञानदेवांच्या आधी दीडशे वर्षे उखळामुसळापाशी नांदत होता. ज्ञानदेवांनी त्याला तत्त्वज्ञानाचे वाहन केले, हे त्यांचे मोठेपण. परंतु अभिजात कलेतून झिरपत झिरपत काही अंश खालच्या थरांपर्यंत येतो, हा जो समज सुशिक्षितांत दृढ आहे, त्याच्या नेमके उलट येथे घडलेले दिसते. कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ‘श्रम आणि लय’ या विषयावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की अनेकांनी एकत्र केलेल्या कामाच्या तालातून काव्य आणि संगीत उगम पावले. सर्वच कलांना हे लागू पडेल असे नाही. ओवीला मात्र ते तंतोतंत लागू पडते. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयतत्त्वांच्या आधारे मांडला. लय कोणाच्या हातापायांतून जन्मली हा त्यांचा विषय नव्हता. समाजवादी विचाराचा तो विषय असला पाहिजे.

कलेचे प्रकार सांगताना पाठ्यपुस्तके माध्यमावर बोट ठेवतात. दगडाची शिल्पकला, रंगांची चित्रकला, स्वरांचे संगीत, शब्दांचे साहित्य. याशिवाय ललित कला आणि उपयुक्त कला अशी एक विभागणी युरोपात अठराव्या शतकात रूढ झाली आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर इकडे आली. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन-वादनाच्या पंक्तीला माळा गुंफणे, स्वयंपाक आणि सुतारकामही बसलेले आहे. यांपैकी कोणतीही विभागणी खोटी नाही. पण त्यातून निर्माता आणि आस्वादक यांचे नाते उघड होत नाही. ते नाते पाहिले तर तीन प्रकार दिसतात. पहिल्यात निर्माता आणि आस्वादक एकच असतात: जात्यावरची ओवी, शेतातली भलरी, नागपंचमीची फुगडी. दुसऱ्यात समाजातील काही जण बाकीच्यांसाठी, पण त्यांच्यातलेच राहून, कला सादर करतात: भजन, भारूड, गोंधळ, जत्रेतला वग. तिसऱ्यात अनोळखी प्रेक्षकाला कला विकली जाते: नाट्यगृह, चित्रपट, दूरचित्रवाणी. तिसरा प्रकार हीन नव्हे. त्यात उत्कृष्ट कृती निर्माण झाल्या आहेत. परंतु एका प्रकारची मोजपट्टी दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो. ओवीला ‘साधी’, ‘पुनरुक्त’ म्हणणारा समीक्षक हे विसरतो की ती श्रोत्यासाठी रचलेलीच नव्हती.

मग ती कशासाठी होती? सासरी आलेल्या मुलीला दिवसभरात ‘मी’ म्हणण्याची एकच जागा होती, ती म्हणजे जाते. माहेरची आठवण, न आलेला भाऊ, नवऱ्याचा मार, मुंबईला कामाला गेलेल्या माणसाची वाट, लांबलेला पाऊस हे सारे ओवीतून बोलता येई, आणि ओवी ही परंपरेची असल्यामुळे त्याचा दोष बोलणारीवर येत नसे. रामायणाच्या ओव्यांत तर या स्त्रिया सीतेच्या वनवासाची कैफियत मांडीत आल्या. शब्द सर्वांच्या मालकीचे, दुःख मात्र जिचे तिचे, अशी ही योजना होती. या कलेचे गोडवे गातानाही हे विसरू नये की पुत्राची ओढ, सवाष्णपणाचा अभिमान, जातीची उतरंड हेही तिच्यात होतेच. शोषितांची कला म्हणून ती निर्दोष असते असे मानणे हा एक प्रकारचा भाबडेपणा आहे.

पुढे गिरणी आली आणि जाते थांबले. याबद्दल हळहळावे काय? ज्याने एकही पायली दळलेली नाही त्याने हळहळण्याचे कारण नाही. पहाटे तीन-चारला उठून खांदे भरून येईपर्यंत खुंटा ओढणे हे कष्टच होते, आणि गिरणीने ते संपवले याचे समाजवाद्याने स्वागतच केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्र येथे एक प्रश्न विचारते. यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरी पडला? गिरणीच्या दळणाला पैसे पडतात. ते आणायचे तर मजुरीला जाणे आले. लाकूडफाटा, पाणी, जनावरे, लावणी, बेणणी ही कामे होतीच. वाचलेला तास तिच्या हाती न राहता दुसऱ्या कामात जिरून गेला. श्रम कमी झाले ते एका जागचे. बोलण्याची जागा मात्र समूळ गेली. रात्री दूरचित्रवाणीवरची मालिका पाहताना ती आता केवळ प्रेक्षक असते. जी स्त्री पहिल्या प्रकारात निर्माती होती, ती तिसऱ्या प्रकारात ग्राहक झाली. कलेच्या दृष्टीने ही घसरण आहे, आणि तिला यंत्र जबाबदार नाही. वाचलेल्या वेळेची वाटणी ज्या घराने आणि ज्या समाजाने केली, ते जबाबदार आहेत.

या तालुक्यांना असा व्यवहार नवा नाही. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी बारामती आणि फलटणकडे गेले. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याला जाते. तरुण माणसे मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत गेली. डोंगराने द्यावे आणि सपाटीने घ्यावे, हा क्रम. गाण्यांचेही असेच झाले असते. कोणी विद्वानाने यावे, ओव्या उतरून न्याव्यात, प्रबंध लिहावा आणि गाणारीचे नाव ‘एक वृद्ध स्त्री’ एवढेच उरावे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात हे काही अंशी टळले, त्याचे श्रेय हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच असलेले गी प्वातवाँ यांना, आणि त्यांच्याबरोबर गरीब डोंगरी संघटनेत काम करणाऱ्या खेड्यांतील कार्यकर्त्यांना आहे. त्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या सहभागाने त्यांतील अनेक ओव्या गाणाऱ्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. ही बाब लहान दिसते, परंतु कलेच्या इतिहासात ज्यांना नाव मिळाले नाही अशांच्या दृष्टीने ती फार मोठी आहे.

तरीही संग्रह म्हणजे कला नव्हे. ती कलेची नोंद आहे. लग्नात हळद दळण्यापुरते जाते फिरवल्याने किंवा शासकीय महोत्सवात नऊवारी नेसलेल्या कलाकारांनी जात्याभोवती फेर धरल्याने ओवी परत येत नाही, आणि येऊही नये, कारण तिच्याबरोबर ते कष्टही परत यायला हवेत. परत यायला हवी ती जागा. जिथे दोघी-चौघी एकत्र बसतील, हात कशात तरी गुंतलेले असतील किंवा नसतीलही, आणि घरात जे बोलता येत नाही ते बोलतील, अशी जागा.

यासाठी कार्यकर्त्याला करण्याजोगे काही आहे. बचत गटाची बैठक आज हप्त्यांच्या हिशेबात संपते. तिचा अर्धा तास हिशेबाविना राहू शकेल. पाण्याची, सरपणाची आणि पाळणाघराची मागणी ही केवळ सोयीची मागणी नाही. ती फुरसतीची मागणी आहे, हे मोर्चात सांगता येईल. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला तो उरलेले तास स्वतःचे असावेत म्हणून. शेतकरी स्त्रीसाठी ती लढाई अद्याप कोणी लढलेली नाही. आणि गावात सभेला जाणाऱ्याने भाषणाआधी तिथल्या एखाद्या म्हातारीला बोलते करावे, तिला आठवतात त्या ओव्या ऐकाव्यात, तिचे नाव विचारून लिहून घ्यावे. त्यासाठी वक्त्याला थोडे थांबावे लागले तरी चालेल.

‘आधी पोट, मग कला’ असे चळवळीत अनेकदा बोलले जाते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत ज्यांच्या घरी नाचणीचे पीठही मोजून मळावे लागे, त्यांनी ते पीठ दळता दळता कला निर्माण केली. भाकर आणि गाणे एकाच दगडातून निघत होते. त्यांतले पहिले मागताना दुसरे विसरणारा समाजवाद अर्धाच राहील.