खोलीबरोबर शेजारही द्या

वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, पण दारापुढचा व्हरांडा सगळ्यांचा. तिथेच मुले निजली, म्हाताऱ्यांनी तांदूळ निवडले. १९८२ च्या संपात एकाचे पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेले. मांजरसुद्धा चार दारी दूध पिऊन पाचव्या दारी झोपे.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तो हक्कच होता. आम्हांला आनंद आहे. पण बंद दाराआडच्या म्हातारीची विचारपूस कोणी करायची? मांजराने कोणता मजला शोधायचा? म्हणून आमचे मागणे साधे आहे : उरलेल्या चाळी हलवताना जुने शेजारी एकाच मजल्यावर ठेवा, बसायला चार हात सामाईक जागा सोडा, आणि हे करारात लिहून द्या.