लिहायला सवड कुठली?



“सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला सवड कुठली?” हे वाक्य आपण अनेकदा ऐकलं असेल. निवृत्त शिक्षक हे म्हणतात, उभा जन्म शेतीत घालवलेले गृहस्थ म्हणतात, आणि तीन पिढ्यांचा संसार ओढलेल्या आजीबाईही म्हणतात. यांच्यापाशी जे असतं ते कोणत्याच ग्रंथात नसतं. लिहिलं गेलं नाही तर ते त्या माणसाबरोबरच जातं. म्हणून लिहिण्याची वेळ कशी ठरवावी, हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा नव्हे. तो आपणा सर्वांचा आहे.

मोठ्या लेखकांकडे पाहावं, तर एकाचा पाठ दुसऱ्याशी जुळत नाही. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार 1834 ते 1867 पर्यंत टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. पहिला अर्धा तास कालचं लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द! अशा रीतीने या नोकरदार माणसाने 47 कादंबऱ्या लिहिल्या. कामानिमित्त आगगाडीने हिंडावं लागे, तेव्हा डब्यात बसून तो पेन्सिलीने लिही आणि त्याची पत्नी नंतर त्याची स्वच्छ नक्कल करी.

याच्या अगदी उलट प्रागचा फ्रान्झ काफ्का. कामगारांच्या अपघातविम्याच्या कचेरीत तो दुपारपर्यंत काम करी आणि घर निजल्यावर लिहायला बसे. 1912 च्या सप्टेंबरात 22 तारखेच्या रात्री दहाला बसून सकाळी सहापर्यंत त्याने एक अख्खी कथा संपवली.

आता यांतला खरा कोण? दोघेही. पहाट पवित्र नाही आणि रात्रही जादूची नाही. दोघांनी आपापला दिवस न्याहाळला, कचेरीची वेळ वगळली आणि उरलेल्यातून आपल्या प्रकृतीला मानवेल तो तुकडा उचलला. अनुकरण करायचं तर वेळेचं नको, या न्याहाळण्याचं करावं.

ते कसं करायचं? एक साधी वही घ्या. पहिला आठवडा पहाटे वीस मिनिटं बसा, दुसरा आठवडा दुपारी, तिसरा रात्री. रोज तीनच गोष्टी टिपा: किती ओळी झाल्या, कशाने उठावं लागलं, आणि उठताना मन प्रसन्न होतं की शिणलेलं. तीन आठवड्यांनी वहीच तुम्हाला उत्तर देईल. माझ्या वहीने मला पहाटे सव्वापाच ते सहा ही वेळ सांगितली, कारण सहाला नळाला पाणी येतं आणि मग घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही! माझ्या एका विद्यार्थ्याला मात्र एस.टी.च्या खिडकीशीच सुचतं. त्याला मी टेबल-खुर्चीचा उपदेश कशाला करू?

वेळ सापडली की दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, लिहिताना खाडाखोड करू नये. ती दुसऱ्या दिवशीच्या वाचनात करावी. दुसरं, विहिरीचा तळ लागेपर्यंत उपसा करू नये. पुढचं वाक्य ठाऊक असतानाच उठावं, म्हणजे उद्या कोऱ्या कागदाची धास्ती वाटत नाही. हेमिंग्वे हेच करीत असे. आणि खंड पडला तर? तो पडणारच. परीक्षा येतात, लग्नसराई येते, घरात आजारपण येतं. मागची थकबाकी फेडायच्या भरीस पडू नये. दहा मिनिटांनी पुन्हा सुरुवात करावी.

पण एक गोष्ट अशी आहे की ती निश्चयाने मिळत नाही. ट्रोलपला पहाटे उठवून कॉफी देण्यासाठी एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशात या नोकराचा वाटा कदाचित सर्वांत मोठा असेल, असं ट्रोलपने आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. लिहिणाऱ्याची वेळ ही बहुधा दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेली असते. आपल्या घरांत गृहिणी दुपारी वही उघडते न उघडते तोच “अगं, चहा टाकतेस का?” अशी हाक येते. तिची वेळ कोण सांभाळतं? दिवसातली वीस मिनिटं तिला कुणी हाक मारणार नाही, एवढं घराने ठरवलं तर पुष्कळ झालं.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं काय? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, हात कामात असताना त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली पुस्तकरूपाने त्या आपल्या हाती आल्या. ज्या टिपल्या गेल्या नाहीत त्या गेल्या.

तेव्हा उद्या वही काढाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. माझी वेळ कोणती? आणि घरात असं कुणी आहे का, ज्याची वेळ मी सांभाळायला हवी? दुसऱ्याचं उत्तर “आई” किंवा “आजी” असं आलं, तर लेखणी तुम्ही धरा. त्यांना फक्त बोलू द्या.